आठव्या खांबाचं पाणी

निळ्या रंगाला घाबरून मी एकदा सोनपेठ तालुक्यातल्या एका गावाचं बुद्धविहार जवळजवळ पाडलं होतं. निवृत्त माणसं दिवाळी अंकात आपली चूक सांगतात ती बहुधा अशी निवडून, की वाचणाऱ्यानं शेवटी म्हणावं, बघा, चुकतानासुद्धा किती हुशार. माझी चूक त्या जातीची नाही. ती निव्वळ मूर्खपणाची होती, आणि वर मी ती इस्त्रीची साडी नेसून केली होती.

छत्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बांधकामाचा माल तपासणाऱ्या परभणीतल्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागून चौथा महिना चालू होता. लोक खडी, वाळू, विटा आणायचे. काँक्रीट भरताना त्यातलंच थोडं लोखंडी साच्यात भरून त्याचे चौकोनी ठोकळे करतात, तेही यायचे. आम्ही ते सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे आणि किती दाबाला फुटले ते लिहायचं. माझ्या सासूबाई गल्लीत सांगायच्या, "आमची सून दगड फोडायच्या कामाला आहे, पण खुर्चीवर बसून."

तेव्हाची मी तुम्हाला भेटले असते तर तुम्ही रस्ता बदलला असता. डिप्लोमाच्या वर्गात एकटी मुलगी, त्यात पहिला वर्ग. खिशाला पेन लावायची हौस. साडीला खिसा नसतो म्हणून मी पेन केसांत खोचायचे. त्या आठवड्यात आमचे साहेब बहिणीच्या लग्नाला गेलेले. प्रयोगशाळेची राणी मी.

अशा मुहूर्तावर किसन मिस्त्री आले. एसटीतून सहा ठोकळे आणले होते, एकेक आठ किलोचा, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. तान्ही पोरं उतरवून ठेवावीत तसे त्यांनी ते फरशीवर ठेवले.

"बाई, आमच्या इहाराच्या पायाचे हायेत. उद्या सात दिस व्हतेत. मळीचं सिमेंट हाय ह्ये, लय सावकाश धरतंय."

"ते आम्ही बघू. रिपोर्ट कुणी मागवलाय?"

"कुणी न्हाई. आमीच आणलेत. समदी वस्ती खपायलीय, बाई. मागून कुणी बोट दाखवू नये म्हणून."

कुणी मागितलेलं नसताना स्वतःचं काम तपासायला आणणारा मिस्त्री मी पुढच्या बत्तीस वर्षांत फारसा पाहिला नाही. तेव्हा मात्र मी त्यांना पावतीवर सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं, बस्स.

दुसऱ्या दिवशी तीन ठोकळे फोडले. फुटायला हवे त्याच्या आधीच फुटले. पण मी गार पडले ती आतला रंग बघून. बाहेरून राखाडी ठोकळा आतून निळा-हिरवा. मोरचूद विरघळवल्यासारखा. मी तोवर साध्या सिमेंटचेच ठोकळे फोडलेले. मळीच्या सिमेंटवर पुस्तकात दीड पान होतं, त्यात रंगाचं नाव नव्हतं. आणि जे पुस्तकात नाही ते भेसळ, असा माझा ठाम समज. मी रिपोर्टात लिहिलं, 'अंतर्भागाचा रंग संशयास्पद. सिमेंट निकृष्ट. काम तत्काळ थांबवावे.' 'तत्काळ'खाली रेघ मारली. वास्तविक साहेबांची वाट बघायला हवी होती. पण एका रिपोर्टावर माझी एकटीची सही असण्याची तशी संधी परत कधी येणार होती?

पोस्टानं पाठवला असता तरी चाललं असतं. मी स्वतः गेले. सोनपेठची एसटी, तिथून टपाच्या जीपनं गाव. मे महिन्याचं ऊन. विहाराच्या जागेवर आठ खांब उभे होते, भरून दोनच दिवस झालेले. प्रत्येकाला गोणपाट गुंडाळलेलं, आणि हापशापासून बायकांची रांग. एकेक बाई घागर आणायची, गोणपाटावर सोडायची, परत रांगेत. त्या हापशाचं पाणी उन्हाळ्यात दमादमानं यायचं, हे मला नंतर कळलं.

मी समितीच्या लोकांना सावलीत बोलावून रिपोर्ट वाचून दाखवला. सगळ्यांनी मिस्त्रींकडं बघितलं. गंगाखेडहून ते सिमेंट त्यांनीच आणलं होतं.

"बाई, मी साखर कारखान्याच्या पायाला वापरलंय ह्ये," मिस्त्री म्हणाले. "अठ्ठावीस दिस थांबून बघा की."

"रंग बघितलाय मी डोळ्यांनी," मी म्हणाले.

तेव्हा रांगेतली एक बाई घागर कडेवर घेऊन पुढं आली. मिस्त्रींचीच बायको, पारूबाई. माझ्याच वयाची असेल.

"मंग ह्या खांबाला पाणी मारायचं का न्हाई?"

आणि मी उत्तर दिलं. ते मला आजही शब्दशः आठवतं, कारण तेव्हा मला ते फार समजूतदारपणाचं वाटलं होतं. मी म्हणाले, "खराब मालावर पाणी कशाला वाया घालवता? प्यायला ठेवा."

परत येताना एसटीत मला खिडकी मिळाली. मी स्वतःवर खूश होते.

साहेब पाच दिवसांनी आले. मी पुरावा म्हणून जपून ठेवलेले फुटके ठोकळे दाखवायला नेलं. साहेबांनी एक तुकडा हातात घेतला, फिरवला, चष्मा वर करून बघितला.

"कुठंय निळं?"

कुठंच नव्हतं. सगळे तुकडे राखाडी झाले होते. मी तुकडे उलटेपालटे करत राहिले, हरवलेली सुई शोधावी तशी.

साहेब रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "गुऱ्हाळ बघितलंस ना? रस उकळला की वर मळी येते. लोखंड वितळवताना तशीच मळी येते. ती पाण्यात ओतून रवाळ करतात, दळतात, सिमेंटात मिसळतात. तिच्यात गंधकाचा अंश असतो, म्हणून आतून ताजं फुटलं की निळं दिसतं. हवा लागली की रंग जातो. उलट निळं दिसणं म्हणजे माल नीट जमतोय. आणि सातव्या दिवशी ते कमीच भरतं. उरलेले तीन अठ्ठाविसाव्या दिवशी फोड." मग दारातून मागं वळून विचारलं, "खांबांना पाणी मारत राहा म्हणून सांगून आलीस ना?"

"हो साहेब," मी म्हणाले.

आता मळीच्या सिमेंटाला पाणी इतकं का लागतं, ते थोडक्यात सांगते. कंटाळा आला तर चहा टाकून या.

काँक्रीटच्या आत चुन्याचा गुण असतो. तो आहे तोवर आतल्या लोखंडी गजाला गंज चढत नाही. पण बाहेरची हवा टपलेली असते. आपण श्वासातून सोडतो तोच वायू काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून केसाकेसानं आत जातो आणि तो चुना मारत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. यानं काँक्रीट कच्चं होत नाही, दाबून बघाल तर उलट कडकच लागेल. पण हवा जिथवर पोचली तिथवर गजाचं संरक्षण संपलं. मग थोडी ओल मिळाली की गज गंजतो, फुगतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. मळीच्या सिमेंटात हा चुना मुळातच कमी. त्यामुळं त्याची छिद्रं घट्ट बुजायला हवीत. आणि ती बुजतात, साध्या सिमेंटपेक्षाही घट्ट बुजतात, पण सावकाश, आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ओलं ठेवलं तरच. पाणी तोडलं की वरची साल पोकळ राहते. दुसऱ्या दिवशी, मे महिन्यात, परभणी जिल्ह्यात पाणी तोडणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

अठ्ठाविसाव्या दिवशी उरलेले तीन ठोकळे फोडले. यंत्राचा काटा पुढं पुढं जात राहिला. उत्तम भरले. मी दुसरं पत्र लिहिलं, दोन ओळींचं: 'नमुने समाधानकारक. काम सुरू करण्यास हरकत नाही.' कशाखाली रेघ मारली नाही. आणि ते पोस्टानं पाठवलं. खराब म्हणायला मी स्वतः गेले होते, चांगलं म्हणायला पोस्टमनला पाठवलं.

पुढं मी हळूहळू शहाणी झाले असं लोक म्हणतात. प्रयोगशाळेत कार्बोनेशन तपासायची बाटली माझ्या हातात आली आणि ती सुटलीच नाही. दहावीच्या प्रयोगातलं ते फिनॉल्फ्थॅलीन. नाव घेताना आता माझी कवळी हलते. काँक्रीट ताजं फोडायचं, धूळ झटकायची, फवारायचं. चुना जिवंत असेल तिथं गुलाबी होतं, हवेनं मारला असेल तिथं रंगच चढत नाही. नवऱ्यानं मला कधी गुलाबी साडी आणली नाही, म्हणायचा, तुझं ऑफिसात भागतंय.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. गंगाखेडच्या एका ठेकेदारानं फोडलेल्या जागेवर आदल्या दिवशीच चुन्याची निवळी मारून ठेवली. फवारलं तर सगळं लालभडक. तो छाती काढून उभा. मी म्हणाले, "दादा, खडीसुद्धा गुलाबी झालीय. खडी दगडाची असते, ती लाजत नसते." आणि वालूरचे एक गुरुजी होते. त्यांनी स्लॅबवर शेतातल्या मातीचे बांध घालून इतके दिवस पाणी तुंबवलं, की बांधावर मेथी उगवली. स्लॅब तपासायला बोलावलं आणि जाताना त्याच मेथीची जुडी दिली. त्या स्लॅबला मी न फवारताच पास केलं असतं.

पण मला सोनपेठकडचं कुठलंही काम आलं की मी ते दुसऱ्याकडं सरकवायचे. गुडघे दुखतात म्हणायचे. तेव्हा माझे गुडघे ठणठणीत होते.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, फोन आला. विहार समितीचे सचिव, राहुल मास्तर. "मॅडम, आमच्या फायलीत तुमचं जुनं पत्र सापडलं. विहाराच्या खांबांना उभ्या चिरा पडल्यात. पाडायचं की ठेवायचं ते तुम्ही बघून सांगा."

"कोणतं पत्र?" मी विचारलं.

"निकृष्ट आहे म्हणून तुम्ही दिलं होतं ते."

दोन ओळींचं त्यांच्या फायलीत नव्हतं.

मी गेले. बाटली पर्समध्ये, डब्याशेजारी. राहुल मास्तरांनी जय भीम घातला, खुर्ची दिली, पाणी दिलं. तरुण माणूस, तळमळीचा. म्हणाले, "पाडायचंच असं पोरांचं म्हणणं आहे. किसन मिस्त्रीनं तेव्हा हलकं सिमेंट आणलं होतं. तुम्ही पकडलंत, पण त्यानं कुठूनतरी कागद फिरवून आणला, असं जुनी माणसं सांगतात. गावानं पुन्हा त्याच्याकडून काम नाही घेतलं."

"मिस्त्री कुठं असतात आता?"

"वारले. चार वर्षं झाली. बाहेरगावी कामं करायचे शेवटपर्यंत. ती त्यांची बायको."

समोरच्या घराच्या ओट्यावर पारूबाई बसल्या होत्या. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. त्यांनी मला ओळखलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना.

गावातल्या एका गवंड्यानं छन्नी-हातोडा घेतला. आधी मी पाया उकरायला लावला. काळ्या मातीत, मचूळ पाण्यात इतकी वर्षं बुडालेला तो पाया. फोडला, फवारला, गुलाबी. ज्या पायाच्या ठोकळ्यांना मी निकृष्ट म्हणाले होते तो असा ठणठणीत, की छन्नीच बोथट झाली.

मग पहिला खांब. वरून दोन बोटं आत गज लागला, तांबरलेला. फवारलं. गजापर्यंत रंगच नाही. गुलाबी सुरू झालं ते गजाच्या पलीकडं. दुसरा तसाच. तिसरा, चौथा. दर खांबाला लोक माझ्याकडं बघायचे आणि मी बाटलीकडं. सातव्यापर्यंत मला काही विचारावं लागलं नाही. काय झालंय ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आठवा खांब कोपऱ्यातला, पारूबाईंच्या ओट्यासमोरचा. त्याला चीर नव्हती. गवंडी म्हणाला, "ह्यो लय चिवट हाय, बाई." खपली निघाली तसा आत अगदी पुसट निळा रंग दिसला. छत्तीस वर्षांनी त्यानं मला ओळख दिली. मी फवारलं. नखाएवढी साल सोडली तर गजाच्या अलीकडं, पलीकडं, सगळं गुलाबी.

गंगाखेडचा ठेकेदार आठवला. मी वाकून खडी बघितली. खडी राखाडीच होती. लबाडी नव्हती.

"हा खांब वेगळ्या दिवशी भरला का?"

"न्हाई," एक म्हातारे म्हणाले. "आठी येकाच दिशी. मी घमेलं उचलायला व्हतो."

"सिमेंट दुसरं?"

"त्येच."

"मग याला पाणी कुणी मारलं?"

तेव्हा ओट्यावरून आवाज आला.

"मी."

पारूबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच सांगायला लागल्या. "समितीनं काम बंद केलं. आमचे मालक रातभर कूस बदलायले. म्हणले, पारे, सिमेंट खराब न्हाई, पाणी मागतंय. मी मारलं तर लोक म्हणतेल लपवायलाय. तू मार. मी म्हणलं, आठ खांबाला पाणी कुठून आणू? हापशाला नंबर लागायलाय, घरी लेकरं हायेत. तवा ह्यो येक धरला, दारातला. रोज येक घागर. कुणाला संशय नगं म्हणून धुण्याचं गोणपाट वाळू घातल्यावानी करायचं आन वतायचं. काम परत सुरू होस्तोवर."

राहुल मास्तर त्या गुलाबी डागाकडं बघत होते. "म्हणजे सगळ्यांना असंच पाणी मिळालं असतं तर..."

"तर मला आज फोन आला नसता," मी म्हणाले.

मी नेहमी रिपोर्ट लिहून देते, तोंडी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. गोळा झालेल्या माणसांना सांगितलं, की विहार पाडू नका. खांबांचा जीव गेलेला नाही, सात खांबांच्या गजाची राखण तेवढी गेली आहे. खपल्या काढा, गज घासा, भोवती नवे गज बांधून नवं काँक्रीट चढवा, त्याला जॅकेट म्हणतात. आणि त्याला तरी पोटभर पाणी मारा. मग सांगितलं की सिमेंट चांगलं होतं. मिस्त्रींनी कागद फिरवला नव्हता, तो दुसरा कागद खरा होता, मी पोस्टानं पाठवलेला. पहिला खोटा होता. पाणी तोडायला मी सांगितलं होतं, याच जागेवर उभं राहून. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तेव्हा एक एसटी धरून परत आले असते तर पाणी तोडून सहावाच दिवस होता, बरंच सावरलं असतं.

बोलून झाल्यावर मला वाटलं कुणीतरी रागावेल. रागावलं असतं तर सोपं गेलं असतं. ते घमेलंवाले म्हातारे मान खाली घालून म्हणाले, "आमी बी घागर ठिवली की खाली. तुमी म्हणलात आन आमाला बरंच वाटलं, बाई. घरी पाणी उरायलं." मग त्यांनी टोपी काढली आणि ओट्याकडं तोंड करून उभे राहिले. राहुल मास्तर म्हणाले की हे सगळं लेखी द्या, फायलीत वर लावतो. मी तिथंच बसून लिहून दिलं. 'सिमेंट उत्तम' याखाली रेघ मारली.

निघताना मी ओट्यापाशी गेले. पारूबाईंनी चहा ठेवला होता. मी कप घेतला आणि म्हणाले की मिस्त्रींचं नाव विहारावर कुठंतरी लावायला सांगते, पाटी करून. त्यावर त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते:

"चार वर्सं आदी आला असता तर त्यांनी बी ऐकलं असतं. आता पाटी-बिटी काय नगं. तुमी फकस्त येक करा, बाई. त्या सात खांबाला काय गुंडाळायचं त्ये गुंडाळा, ह्याला हात लावू नगा. सात जाड व्हतील, ह्यो येकटा बारीक राहील. येणारं माणूस इचारंलच, ह्यो बारीक का म्हणून. मी हाय तवर मी सांगते, मंग तुमी सांगा."